एका हॉपची बीअर

टापावेरात मार्च संपता संपता
मळ्यांतल्या तारा उघड्या पडतात.
उंच खांब नुसतेच उभे,
आणि वाळवणीच्या भट्ट्यांचा दर्प
रात्री गावाच्या पांघरुणात शिरतो.

मर्व्ह हॉलिवेलच्या गॅरेजात गाडीला जागा नाही.
पाच बादल्या, पाच झाकणं.
झाकणांतून थांबून थांबून बुडबुड,
कुणी गोष्ट ऐकताना हुंकार द्यावा तशी.
मॉल्ट एकच. पाणी त्याच टाकीतलं.
यीस्टचं एक पाकीट पाच जागी वाटलेलं.
हॉप तेवढा वेगळा.

"मिसळले की कुणाचीही बीअर बरी होते," तो म्हणतो,
"एक कमी पडला तर दुसरा सावरून घेतो.
एकटा हॉप म्हणजे पिंजऱ्यातला आरोपी.
वकील नाही."

जूनमध्ये शेजारच्या टामिहानाची साठी.
चाळीस लिटर लागणार,
आणि मर्व्हने शब्द देऊन ठेवलाय:
एकच जात, भेसळ नाही.

रिवाका उघडली. पपनसाची साल नखाने सोलावी तशी
फवारा मारून आली,
पहिल्या घोटाला दाराशी होती,
तिसऱ्याला घरभर बोलत सुटली.
नेल्सन सॉव्हिन चाखून टामिहाना म्हणाला,
"वाइनच पाजायची तर ग्लास तरी बदल."
मोटुएकात लिंबू होतं, चांगलं होतं,
आणि चांगलं आहे यापलीकडे
दोघांनाही काही सुचलं नाही.
कॅस्केडवर ते रात्री अकरापर्यंत भांडले.

पाचवीवर नाव नव्हतं, खडूची फुली होती.
पडक्या भट्टीच्या कुंपणावर चढलेला
जुना वेल, बहुधा क्लस्टर.
हल्ली कुणी लावत नाही.
काळ्या मनुका, आणि त्यामागे
मांजर बसून गेल्यासारखं काहीतरी.
"ही ओतून टाक," टामिहाना म्हणाला.
ओतायची राहून गेली.

नोएलिनला कुणी विचारलं नव्हतं.
तीन हिवाळ्यांपूर्वीच्या तापात तिचं नाक गेलं,
येईल म्हणाले होते, आलं नाही.
टोस्ट ती आता घड्याळ लावून काढते.
जिच्यापाशी वास नाही
तिच्यापुढे बाटली कशी धरायची,
म्हणून मर्व्ह गप्प.

ती आली होती कपड्यांचे चिमटे शोधायला.
बाकावर पिशव्या उघड्या होत्या.
उगीच एकेका पिशवीतला बोंड घेतला,
तळव्यात चुरडला, झटकला.
रिवाका झटकली. मोटुएका झटकली.
फुलीवाल्या पिशवीपाशी हात थांबला.

पिवळी धूळ बोटांना धरून राहिली,
घासली तशी काळी पडत गेली.
नऊ वर्षांची असताना अशीच पडायची,
गोणपाटाच्या झोळीशी आईशेजारी उभं राहून
दिवसभर खुडताना.
नळ लांब होता. पाव तसाच खायचा,
काळ्या बोटांनी.

तिने तळवा चाटला.

जीभ शाबूत होती.
"कडू आहे, मर्व्ह," ती म्हणाली,
"शी! काय कडू आहे हे!"
तीन वर्षांत पहिल्यांदाच
एखाद्या गोष्टीबद्दल एवढ्या आनंदाने कुरकुरली,
आणि चिमटे न घेताच गेली.

मर्व्हने वहीत रिवाका लिहिलं होतं.
खोडलं नाही.
नुसतं पान उलटलं,
आणि शिडी घेऊन कुंपणाकडे गेला,
वर अजून किती बोंडं उरलीत ते बघायला.

जूनमध्ये टामिहानाने ग्लास उजेडात धरला,
हुंगला, पुन्हा हुंगला, भुवया जवळ आणल्या.
"याला वास कसला येतोय?"
मर्व्हने बायकोकडे बोट केलं.
आजूबाजूचे दोघंतिघं ओशाळले.

"वासाचं मला काय विचारता," नोएलिन म्हणाली.
एक घोट घेतला. जिभेवर ठेवला.
"दुपारचा पाव,"
आणि रिकामा व्हायच्या आधीच
ग्लास पुढे केला.